‘शुद्धीकरण’ या शब्दाची झडती

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धेचा परीक्षक म्हणून माझ्याकडे चाळीसेक निबंध आले होते. विषय होता, ‘नदी : आपली माता’. बहुतेक निबंध एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. आरंभी नदीकाठी संस्कृती जन्माला आली हे वाक्य, मग घाट, देवळे आणि संतांची स्नाने, मग आजची नदी पाहून झालेले दुःख, आणि शेवटी नदी घाण करणाऱ्यांची यादी. त्या यादीत झोपडपट्टीचा क्रमांक पहिला. एक निबंध मात्र निराळा होता. त्यात घाट नव्हता, देऊळ नव्हते. ड्रेनेज खात्यात बिगारी असलेल्या बापाची हकीगत होती. तुंबलेल्या चेंबरचे झाकण उघडल्यावर बाप किती वेळ थांबतो, आत उतरण्याआधी कमरेला दोर कोण बांधतो, घरी आल्यावर तो मोरीत किती वेळ अंग घासत बसतो, आणि जेवताना भातसुद्धा चमच्याने का खातो, हे त्या पोराने साध्या शब्दांत लिहिले होते. नदीचा उल्लेख शेवटच्या चार ओळींत होता.

मी त्या निबंधावर लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि त्याला पहिल्या तीनांतून बाद केले.

आज त्या शेऱ्याची लाज वाटते. पण लाज वाटली असे सांगून मोकळे होण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी दलित साहित्य शिकवणारा माणूस. प्रस्थापित अभिरुचीवर व्याख्याने देणारा. तरीही नदी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर घाटच आला, चेंबर आले नाही. याचा अर्थ तो शेरा माझ्या हाताने मारला असला तरी तो मारणारी दृष्टी माझ्या एकट्याची नव्हती. ती दृष्टी आपल्या भाषेत मुरलेली आहे. म्हणून नदीच्या प्रश्नाची चर्चा मला नदीच्या पाण्यापासून सुरू करायची नाही. ज्या शब्दाने आपण ती चर्चा करतो त्या शब्दापासून करायची आहे. तो शब्द आहे ‘शुद्धीकरण’.

*

महानगरपालिकेच्या प्रकल्पावर पाटी असते : ‘मैलापाणी शुद्धीकरण केंद्र’. या पाटीवरच्या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांचे वैरी आहेत.

पहिला अर्थ अभियंत्याचा. शहराचे मैलापाणी केंद्रात येते. जाळीत चिंध्या, प्लास्टिक, काड्या अडतात. पुढच्या टाकीत वाळू-खडी खाली बसते. मग त्या पाण्यात हवा सोडतात. हवेतल्या ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू त्या पाण्यातली घाण खातात, वाढतात, त्यांचा गाळ होतो, तो गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी जंतुनाशक देऊन नदीत सोडतात. जिवाणूंच्या या गाळाची पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये सिद्ध झाली. तिच्यात मंत्र नाही, गुपित नाही. पाण्यात किती घाण उरली हे बी.ओ.डी. या मापाने ठरते : एक लिटर पाण्यातली सेंद्रिय घाण पचवायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवून करतात. घरगुती मैलापाण्याचा हा आकडा सर्वसाधारणपणे दोनशे ते तीनशेच्या दरम्यान असतो. माणसांनी आंघोळ करण्याजोग्या नदीत तो तीनच्या वर असता कामा नये. या अर्थाने शुद्धी म्हणजे घाण जिथे आहे तिथे तिचा मुकाबला करणे, ती पचवणे आणि पचली की नाही हे मोजून दाखवणे.

दुसरा अर्थ धर्मशास्त्राचा. तो आपल्याला महाडने शिकवला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. पुढे महाडच्या सवर्णांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली. पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि मंत्र म्हटले. पंचगव्य म्हणजे गाईचे शेण, मूत, दूध, दही आणि तूप. आता हेच तळे अभियंत्याच्या मापाने तपासा. शेण आणि मूत ही तर उघड घाण आहे. दुधाचा बी.ओ.डी. मैलापाण्याच्या शेकडो पट असतो. म्हणजे तळ्यावर आलेल्या माणसांनी ओंजळभर पाणी उचलून प्याले तेव्हा तळ्याचे काहीच बिघडले नव्हते. तळे खरोखर दूषित झाले ते शुद्धीच्या विधीने. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. पण न्यायालयापुढचा प्रश्न तळ्यावर हक्क कोणाचा हा होता. पाण्याला बाटवणारी घाण कोणती, हा प्रश्न कोणी निकालात काढला नाही. तो आजही तसाच आहे.

धर्मशास्त्राच्या अर्थाने शुद्धी म्हणजे घाण नाहीशी करणे नव्हे. घाण आपल्यापासून दूर ढकलणे, ती खालच्या जागेवर आणि खालच्या माणसावर सोपवणे, आणि मग हात धुऊन आपण स्वच्छ झालो असे जाहीर करणे. तिथे मोजमापाची गरज नसते. डोळ्यांआड झाले की पुरे. माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्या नगरपालिका पाटीवर पहिल्या अर्थाचा शब्द लिहितात आणि कारभार दुसऱ्या अर्थाने करतात. आणि आपले नदीविषयक साहित्य या फसवणुकीला भाषा पुरवते.

*

पुण्याचे उदाहरण घ्या. पुणे शहर खडकवासल्याचे स्वच्छ पाणी वरून घेते. ते वापरून झाले की मुळा-मुठेत खाली सोडते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. शूद्र कवीची गाथा जिच्यात बुडवायला लावल्याची कथा आपण ऐकतो ती हीच इंद्रायणी; आज तिच्या पाण्यावर आळंदीला फेस तरंगताना वारकरी पाहतात. भीमा उजनीच्या जलाशयात जाते. त्या जलाशयातून सोलापूर शहर पाणी पिते. तिथून पुढे हीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि लाखो कष्टकरी माणसे ‘पवित्र’ म्हणून तिच्यात डुबकी घेतात.

गावगाड्यातला पाणवठा ज्याने पाहिला आहे त्याला हा नकाशा ओळखीचा वाटेल. नदीवर वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा आणि खालच्या अंगाला महारामांगांचा. वरून येणारे धुणे, खरकटे, गुरांचे पाणी खालच्यांनी भरायचे. गावाने जे नदीच्या एका वळणावर केले ते शहर आज तीन-तीन जिल्ह्यांच्या नदीवर करते आहे. शहराच्या खालचा सगळा मुलूख त्याचा महारवाडा झाला आहे. फरक एवढाच की या नव्या महारवाड्यात आता मराठा शेतकरीही राहतो आणि माळीही राहतो. ज्यांनी वरचा पाणवठा कधी सोडला नाही त्यांनाही आज खालचे पाणी प्यावे लागते आहे. जातीने शिकवलेली ढकलण्याची सवय एकदा समाजात मुरली की ती फक्त अस्पृश्यांपाशी थांबत नाही, हे त्यांनी आता तरी ओळखावे.

आकडे पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर. त्यातून प्रत्यक्ष शुद्ध होत होते २०,२३५ दशलक्ष लिटर, म्हणजे जेमतेम २८ टक्के. याच मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले. त्यांतले ५३ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. २०२२ मध्ये देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि महाराष्ट्राचा ५५ वर चढला. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने या यादीत पहिला क्रमांक राखला आहे.

आता या आकड्यांत एक गोष्ट नीट पाहा. उभारलेली क्षमता आणि प्रत्यक्ष शुद्ध झालेले पाणी यांत अकरा हजार दशलक्ष लिटरहून अधिक अंतर आहे. यंत्रे आहेत, टाक्या आहेत. पण काही बंद पडल्या आहेत आणि काहींपर्यंत पाणीच पुरेसे पोचत नाही. कारण केंद्राचे उद्घाटन करता येते, जमिनीखालच्या नळाचे करता येत नाही. फीत कापायला टाकी दिसते. गल्लीतली ड्रेनेज लाईन दिसत नाही. जिथे लाईन नाही तिथे मैलापाणी नाल्यात जाते आणि नाला नदीत. मुळा-मुठेच्या प्रदूषणनिवारणासाठी जपानी कर्जाच्या साहाय्याने ११ नवी केंद्रे उभारण्याचा ९९०.२६ कोटींचा प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. त्याच नद्यांचे ४४ किलोमीटर काठ बांधून सुशोभित करण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली; त्याचा खर्च चार हजार सातशे कोटींच्या घरात सांगितला गेला. पाणी पचवण्याची किंमत आणि काठ नटवण्याची किंमत यांतले हे प्रमाण बोलके आहे. शवाला शालू नेसवण्याची आपली रीत जुनीच आहे.

राहिला झोपडपट्टीचा मुद्दा. ज्या चाळीस निबंधांत तिला पहिली गुन्हेगार ठरवले होते त्यांतल्या एकानेही साधा हिशेब केलेला नव्हता. घरात जेवढे पाणी येते त्याच्या सुमारे ऐंशी टक्के मैलापाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. ड्रेनेज असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे सरकारी मानक आहे. सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्यासाठी तेच मानक माणशी ४० लिटर. म्हणजे सोसायटीतला माणूस रोज १०८ लिटर मैलापाणी नदीकडे पाठवतो आणि वस्तीतला माणूस ३२ लिटर. एकाला तिप्पट पाणी आणि वर तिप्पट घाण करण्याची मुभा. दुसऱ्याला पाण्याची टंचाई आणि वर घाणेरडा म्हणून शिवी. वस्तीचा नाला उघडा वाहतो हे खरे. पण तो उघडा वाहतो कारण तिथे लाईन टाकली गेली नाही. सोसायटीचा मैला झाकलेल्या नळातून जातो म्हणून तो दिसत नाही एवढेच; पुढे केंद्र चालत नसेल तर तोही त्याच नदीत पडतो. झाकलेली घाण ती शुद्ध आणि उघडी घाण ती अशुद्ध, हा न्याय कोणत्या शास्त्राचा आहे हे वाचकाला सांगायला नको.

*

प्रस्थापित साहित्याची झडती घेणे आपल्याला अंगवळणी पडले आहे. या ठिकाणी आपल्या साहित्याचीही घेतली पाहिजे.

दलित साहित्याने मराठीला पाण्याचा खरा अर्थ सांगितला, यात शंका नाही. प्रेमानंद गज्वींच्या ‘घोटभर पाणी’ या एकांकिकेच्या नावातच एका समाजाचा इतिहास आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), बेबीताई कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६), उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनांच्या आधी विहीर म्हणजे मराठी साहित्यात हिरवळीचे स्थळ होते. या लेखकांच्या पिढीने सांगितले की विहीर ही पहारा असलेली जागा आहे. नाकारलेले पाणी, वरून ओतलेले पाणी, चोरून भरलेले पाणी हा आपल्या साहित्याचा गाभा झाला. महाडच्या लढ्याचे ते शब्दरूप होते.

पण या साहित्यातले पाणी बहुतांशी आत येणारे पाणी आहे. घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचे काय? नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने (१९७२) महानगराची गटारे आणि मोऱ्या मराठी कवितेत आणल्या आणि पांढरपेशा वाचकाला नाक दाबायला लावले. ते मोठेच काम होते. परंतु तिथले गटार हे एका जगाचे रूप आहे. गटारात उतरणाऱ्याचा कामाचा दिवस, त्याची मजुरी, त्याचा मुकादम, त्याच्या फुप्फुसातला वायू हा त्या कवितेचा विषय नव्हता. तो विषय आपण कोणीच पुरेसा हाती घेतला नाही. का घेतला नाही?

एक उत्तर असे की शिकून पुढे आलेल्या पिढीला ते काम मागे टाकायचे होते. बापाने झाडू सोडावा म्हणून जो मुलगा शिकला, त्याने पुन्हा झाडूवरच लिहावे ही अपेक्षा क्रूर आहे. हे उत्तर मला मान्य आहे. दुसरे उत्तर मात्र टोचणारे आहे. जातीची उतरंड अस्पृश्यांच्या आतही होती आणि आहे. महारवाड्याच्या आत्मकथनाला आपण दलित आत्मकथन म्हटले. मेहतर, वाल्मिकी, रुखी वस्तीची भाषा गुजराती किंवा हिंदी, म्हणून ती आपल्या साहित्याच्या उंबऱ्याबाहेर राहिली. ‘जूठन’ (१९९७) लिहिणारे ओमप्रकाश वाल्मीकि अंबरनाथ आणि चंद्रपूरच्या आयुध निर्माणींच्या निमित्ताने आपल्याच महाराष्ट्रात राहिले, इथल्या दलित चळवळीतून आणि साहित्यातून त्यांनी बळ घेतले आणि हिंदीला ते दिले. त्यांनी आपल्याकडून घेतले. त्यांच्या समाजाचे आपण काय घेतले? हा प्रश्न आपण आपल्याला विचारला पाहिजे.

*

या पार्श्वभूमीवर चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशांत त्याचा गौरव झाला. लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरच्या वीरा साथीदारांनी केली. ते ‘विद्रोही’चे संपादक आणि चळवळीतले कार्यकर्ते; एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांना आपल्यातून नेले. चित्रपटात शाहिरावर आरोप असा की त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली.

या चित्रपटावर बोलताना आपण बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोललो, न्यायालयाच्या दिरंगाईवर बोललो. ते बरोबरच होते. पण चित्रपटाचा केंद्रबिंदू मला आता दुसरीकडे दिसतो : वासुदेवच्या विधवेच्या साक्षीत. ती आवाज न चढवता सांगते. नवऱ्याला कसलीही साधने दिली जात नव्हती. उतरण्याआधी तो आत खडा टाकायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचे. वास सहन व्हावा म्हणून तो पिऊन उतरायचा. वायूने त्याचा एक डोळा गेलेला होता.

ही साक्ष दुःखाची आहे, तशीच ती ज्ञानाचीही आहे. बंद नळात साचलेला मैला ऑक्सिजनवाचून कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की तो आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणजे वास येईनासा झाला की धोका टळला असे वाटते, आणि तोच क्षण मरणाचा असतो. आणखी प्रमाण वाढले की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. आपल्या वर्तमानपत्रांत ‘तिघांचा गुदमरून मृत्यू’ अशी जी बातमी येते तिच्यामागे बहुधा हाच क्रम असतो. वायू मोजायचे यंत्र बाजारात मिळते. हैदराबादने २०१७ साली अरुंद गल्लीत जाणारी छोटी जेटिंग मशीन रस्त्यावर आणली. केरळात २०१८ साली मॅनहोल साफ करणारे यंत्रमानव कामाला लागले. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशात कामगाराला मात्र झुरळाच्या भरवशावर आत सोडले जाते. म्हणजे अडचण यंत्राची नाही. माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो ही आहे. आणि तो स्वस्त का पडतो, हे सांगायला अर्थशास्त्र अपुरे पडते.

चित्रपटातला न्याय कसा आहे पाहा. गाण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. ज्याने वासुदेवला साधनांवाचून उतरवले तो पिंजऱ्यात नाही, साक्षीदारही नाही. महाडला पाणी पिणारे आरोपी होते आणि शेण ओतणारे शुद्धिकर्ते होते. तोच उलटा न्याय इथे आहे. मॅनहोल मात्र चित्रपटात एकदाही उघडून दाखवलेले नाही. काही मित्रांनी याला कच खाणे म्हटले. मला ते पटत नाही. आपल्या समाजाला मॅनहोल जेवढे दिसते तेवढेच दिग्दर्शकाने दाखवले : एक नाव, एक तारीख, एक फाईल.

*

इथे एका सापळ्यापासून सावध राहिले पाहिजे. मी असे म्हणालो की नदी खरोखर राखतो तो घाटावर आरती करणारा नव्हे, चेंबर मोकळे करणारा राखतो. कारण तुंबलेली लाईन मोकळी झाली नाही तर मैला केंद्रापर्यंत पोचतच नाही. हे वाक्य खरे आहे. पण ते उच्चारताच लोक त्याला हार घालायला धावतात. त्याला स्वच्छतादूत म्हणतात, नदीचा पुत्र म्हणतात, त्याच्या कामाला पूजा म्हणतात. बाबासाहेबांनी १९४५ साली ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाच्या ग्रंथात गांधीजींच्या याच भूमिकेची चिरफाड केली आहे. भंगीकामाला थोर म्हणून गौरवणे म्हणजे ज्याच्यावर ते जन्माने लादले गेले त्याला तिथेच समाधानी राहायला सांगणे, हा त्यांचा मुद्दा होता. गौरवाने साखळी तुटत नाही. तिला सोन्याचा मुलामा मिळतो.

आपल्या राज्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. हा हक्क टिकावा म्हणून कामगारांनी आणि संघटनांनी झगडा दिला आणि तो योग्यच होता. कारण ती कायम नोकरी होती, तिच्यात पगार होता, निवृत्तिवेतन होते. पण बापाच्या झाडूचा वारसा हा ज्या समाजात ‘हक्क’ म्हणून मागावा लागतो, त्या समाजाने इतर सगळी दारे किती बंद ठेवली असतील याचा विचार करा. आणि आता ठेकेदारीने तो हक्कही पोखरला आहे. काम तेच, जात तीच. फक्त पालिकेच्या हजेरीपटावर नाव नाही. मेला तर तो कोणाचाच कामगार नव्हता.

कायदे आहेत. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम तीस लाख केली. पंढरपुरात हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध कार्यकर्त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. जिथे नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, जिथले मंदिर १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर अस्पृश्यांना खुले झाले, त्याच गावात वारी आटोपल्यावर वाळवंट कोणाच्या हातांनी स्वच्छ होत होते हे त्या याचिकेने कागदावर आणले. आणि २०२४ मध्ये सरकारच्याच पाहणीतून बाहेर आले की नोंद झालेल्या सुमारे ३८,००० गटार व सेप्टिक टाकी कामगारांपैकी जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय आहेत. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास. मैलापाण्याला जात नसते. ते वाहून नेणाऱ्याला मात्र असते.

*

तेव्हा नदीवरच्या लेखनाची कसोटी काय असावी? माझ्यापुरती मी ती ठरवली आहे. नदीवरची कविता असो, अहवाल असो, नेत्याचे भाषण असो की पर्यावरणवाद्यांची पदयात्रा असो, तिला तीन प्रश्न विचारावेत. या लेखनात घाण पचवली आहे की पुढे ढकलली आहे? खालच्या पाणवठ्यावर कोण उभा आहे हे लेखकाला दिसते आहे का? आणि चेंबरमध्ये उतरणारा माणूस यात नाव, मजुरी आणि आवाज घेऊन येतो, की हार घालून घ्यायला येतो? या तीन प्रश्नांना जे लेखन उत्तर देत नाही ते कितीही सुंदर असो, ते पंचगव्याची एकशे नववी घागर आहे.

कार्यकर्त्यांसाठीही इथे काम आहे. आपल्या शहराच्या केंद्रात रोज किती दशलक्ष लिटर पाणी येते आणि किती शुद्ध होऊन जाते, हे माहितीच्या अधिकारात मागा. ड्रेनेज खात्यात कायम किती आणि ठेक्यावर किती, वायू मोजण्याची साधने किती, हेही त्याच अर्जात मागा. नदी वाचवणारे पहिला प्रश्न विचारतात, कामगार संघटना दुसरा विचारतात, आणि दोघांची गाठ पडत नाही. महाडचा लढा पाण्याचा होता की माणसाचा, असे कोणी विचारले तर आपण काय सांगू? दोन्ही एकच होते. इथेही दोन्ही एकच आहेत. ज्या दिवशी एकही माणूस मैल्यात उतरणार नाही असे ठरेल, त्या दिवशी पालिकेला लाईनी नीट टाकाव्या लागतील, यंत्रे आणावी लागतील, केंद्रे चालवावी लागतील. ढकलण्याची सोय संपली की पचवणे भाग पडते. नदीच्या शुद्धीचा रस्ता माणसाच्या मुक्तीतून जातो.

शिक्षकमित्रांना एक विनंती. वर्गात नदीवर निबंध द्याल तेव्हा एखादे पोर घाट सोडून चेंबरबद्दल लिहील. त्याची भाषा ओबडधोबड असेल, शुद्धलेखनही (हा आणखी एक ‘शुद्ध’!) चुकलेले असेल. त्याच्या कागदावर ‘विषयांतर’ लिहू नका. विषयावर लिहिणारा बहुधा तो एकटाच असेल.